सार्वजनिक इमारती कोणासाठी?

महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या शहराच्या श्रमिक वस्तीत सकाळी दहाच्या सुमारास गेल्यास दोन दृश्ये शेजारीशेजारी दिसतात. एकीकडे महानगरपालिकेची दुमजली शाळा उभी असते. पटसंख्या रोडावल्यामुळे तिच्या वरच्या मजल्यावरील काही खोल्यांना कुलपे असतात. दुसरीकडे त्याच शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या बोळात, दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत पंचवीस-तीस मुले दाटीवाटीने बसलेली असतात. ही वस्तीतील महिला मंडळाने चालविलेली बालवाडी. या मुलांच्या आया पहाटेच धुण्याभांड्याला, भाजीच्या टोपल्या घेऊन किंवा बांधकामावर गेलेल्या असतात. घरमालकाने भाडे वाढविले की बालवाडी पुढच्या बोळात जाते. तेथेही खोली मिळाली नाही तर ती बंद पडते आणि मोठ्या बहिणीची शाळा सुटते, कारण धाकट्याला सांभाळायला घरी कोणीतरी हवे असते.

कुलपातील खोली आणि बोळातील बालवाडी यांच्यामध्ये एका भिंतीचे अंतर आहे. ती भिंत ओलांडू न देण्याचे काम नोकरशाही कमालीच्या निष्ठेने करीत आली आहे. सार्वजनिक खोली मागावयास गेलेल्या स्त्रियांना मिळणारे उत्तर ठरलेले असते. बाजारभावाने भाडे भरा. करार अकरा महिन्यांचा राहील. नूतनीकरणाची हमी नाही. ज्या मंडळाचे सारे उत्पन्न पालकांच्या अल्पशा वर्गणीतून येते, त्याला बाजारभाव सांगणे म्हणजे नकारच देणे होय.

या उत्तराला कायद्याचा आधार नाही असे नव्हे. मुंबईबाहेरील महानगरपालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमातील कलम ७९ अन्वये पालिकेची मालमत्ता चालू बाजारमूल्यापेक्षा कमी मोबदल्यात देता येत नाही. सत्ताधाऱ्यांनी आपल्या सग्यासोयऱ्यांना पालिकेच्या जागा मातीमोल भावाने वाटू नयेत, हा त्यामागील हेतू उचितच होता. पण व्यवहारात काय घडले? कायद्यातच काही अपवाद आहेत. त्यांसाठी वरपर्यंत मंजुऱ्या लागतात आणि त्या आणविण्याची ताकद बड्या शिक्षणसंस्थांजवळ असते. त्यांना भूखंड मिळतात. वस्तीतील महिला मंडळाचा अर्ज मात्र प्रभाग कार्यालयाच्या पलीकडे सरकत नाही. लूट थांबविण्यासाठी घातलेले कुंपण लुटारूंना अडवीत नाही आणि गरजूंना मात्र अडविते.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही कळेल अशी गोष्ट येथे विसरली जाते. शाळेची इमारत जनतेच्या पैशातून बांधून झाली आहे. तो खर्च खोली वापरली तरी झालेला आहे आणि कुलपात ठेवली तरी झालेला आहे. बालवाडी भरल्याने पडणारा वाढीव खर्च म्हणजे वीज, पाणी, झाडलोट आणि थोडी डागडुजी. तेवढा भरण्यास महिला मंडळे तयार असतात. त्याहून अधिक मागणे म्हणजे ज्या जनतेने इमारतीची किंमत एकदा चुकविली आहे, तिच्याचकडून ती पुन्हा वसूल करणे होय. खोली रिकामी राहिल्याने पालिकेला बाजारभाव मिळत नाही. मिळते ती केवळ धूळ. उलट बालवाडीमुळे आई निर्धास्तपणे कामावर जाते, मोठी मुलगी शाळेत टिकते. हा लाभ पालिकेच्या जमाखर्चात दिसत नाही, म्हणून तो अस्तित्वातच नाही असे मानणारे हिशेबतपासनीस समाजाचा हिशेब चुकवीत असतात.

यावर असे सांगण्यात येते की, सरकारच्या अंगणवाड्या असताना अशा बालवाड्यांची गरजच काय? एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली, हे तिचे यश कोणीही नाकारणार नाही. परंतु अंगणवाडी काही तास भरते आणि आईचे काम दिवसभराचे असते. मधल्या तासांत मूल कोठे राहणार? विशिष्ट संख्येहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आहे; पण चार घरी भांडी घासणाऱ्या बाईची आस्थापना कोणती? शिवाय शहरांतील कित्येक अंगणवाड्याच मुळी भाड्याच्या खोल्यांत, समाजमंदिराच्या कोपऱ्यात किंवा सेविकेच्या घरात भरतात. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील ४० मुले आहेत पण अंगणवाडी नाही, तेथे मागणीनंतर तीन महिन्यांच्या आत ती दिली पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिला. हक्क मान्य झाला. पण ती भरावयाची कोठे, याचे उत्तर घरमालकाच्या मर्जीवर राहिले. म्हणजे जागेचा प्रश्न सरकारी अंगणवाडीचा आणि लोकांच्या बालवाडीचा एकच आहे. या दोघींना एकमेकींविरुद्ध उभे करण्याचे कारण नाही.

राज्यसंस्थेने या वयाच्या मुलांकडे पाठ कशी फिरविली, हे घटनेच्या इतिहासातही वाचता येते. मूळच्या अनुच्छेद ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या शिक्षणाचे उद्दिष्ट दहा वर्षांत गाठण्यास सांगितले होते. सहा वर्षांखालील मुले त्यात अंतर्भूत होती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाला मूलभूत हक्क दिला आणि त्याहून लहान मुलांना केवळ मार्गदर्शक तत्त्वात ठेवले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ मध्येही पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन करू शकेल, एवढेच म्हटले आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनच्या शिक्षणाचा गौरव केला खरा. परंतु गौरवाने डोक्यावर छप्पर येत नाही.

आता एक आक्षेप गांभीर्याने घ्यावयास हवा. एकदा जागा दिली की संस्था ती सोडत नाही, पोटभाडेकरू ठेवते, बालवाडीच्या पाटीआड दुसराच धंदा चालतो, असे अधिकारी सांगतात. हे घडते, यात शंका नाही. पण घडविते कोण? आमदार-खासदार निधीतून बांधलेली समाजमंदिरे ठिकठिकाणी एखाद्या पुढाऱ्याच्या मंडळाची खासगी मालमत्ता झाली आहेत. तेथे लग्ने लागतात आणि त्यांचे भाडे कोणाच्या खिशात जाते ते वस्तीला ठाऊक असते. मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत कल्याण केंद्राची आणि बालवाडीची तरतूद आहे. तरीही नकाशावरील बालवाडी प्रत्यक्षात गोदाम किंवा कार्यालय झालेली आढळते. कब्जा करणारे कोण आहेत हे उघड असताना संशय मात्र खडू-फळा घेऊन आलेल्या स्त्रियांवर घेतला जातो. यावर उपाय आहे तो चोख अटींचा आणि उघड्या हिशेबाचा, कुलपाचा नव्हे.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. प्रत्येक प्रभागातील सार्वजनिक खोल्यांची, त्या कोणाकडे व किती तास वापरात आहेत याची यादी दर्शनी भागात लागली पाहिजे. सहा वर्षांखालील मुलांसाठी पालकांनी वा स्थानिक मंडळांनी विना-नफा चालविलेल्या बालवाड्यांना व पाळणाघरांना देखभालखर्चाइतक्याच आकारात जागा देता यावी, यासाठी कायद्यात स्पष्ट दुरुस्ती झाली पाहिजे. करार किमान पाच वर्षांचा हवा. जागा परत घ्यावयाची तर सहा महिन्यांची सूचना आणि त्याच वस्तीत पर्यायी जागा देणे बंधनकारक हवे. पोटभाडे ठेवल्यास किंवा हिशेब पालकांपुढे न ठेवल्यास करार तत्काळ रद्द व्हावा. अंगणवाड्यांना या जागांवर पहिला अधिकार असावा आणि त्यांच्या वेळेनंतर तीच खोली पाळणाघरास मिळावी.

या मागण्या घेऊन पालिकेच्या दारात जाण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी आपल्याही दाराकडे पाहिले पाहिजे. पुरोगामी म्हणविणाऱ्या मंडळींच्या ताब्यातही वाचनालये, व्यायामशाळा आणि साने गुरुजींचे वा सावित्रीबाईंचे नाव दिलेली सभागृहे आहेत. वर्षातून दोन जयंत्या आणि चार सभा एवढ्यासाठी ती उघडतात. एरव्ही किल्ली एखाद्या ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या घरी खुंटीवर असते. मुले भिंती खराब करतील, सतरंज्या मळवतील, ही कारणे तेथेही ऐकू येतात. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या, तेव्हा त्यांनी इमारतीची वाट पाहिली नाही. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्यातूनच अंगणवाडी हे नाव उभे राहिले. आज शहरातल्या मुलाला अंगणही उरलेले नाही. त्याच्यासाठी सभागृहाचे दार उघडावयाचे तर त्यास पालिकेचा ठराव लागत नाही, कलम ७९ आडवे येत नाही. ती किल्ली आधी खुंटीवरून काढावी. मग पालिकेकडे तिच्या खोल्यांच्या किल्ल्या मागण्याचा नैतिक अधिकार निर्विवाद राहील.