रंध्याची पाठचिकित्सा

जुन्या पोथीचा संपादक आणि जुन्या हत्यारांचा संग्राहक यांच्यापुढचे प्रश्न फारसे वेगळे नसतात. समोरची वस्तू कोणत्या काळातली, तिच्यातले मूळचे किती आणि मागाहून आलेले किती, आणि चढलेली पुटे काढायची तर कुठे थांबायचे, हे तीन प्रश्न दोघांनाही सोडवावे लागतात. मराठीच्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आपण पहिले उदाहरण सवयीने 'ज्ञानेश्वरी'चे देतो. त्याच्या जोडीला सुताराचा रंधा ठेवावा, असे मला सुचवायचे आहे.

रंधा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि इतका रुळला की त्याचे परकेपण कोणाला जाणवत नाही. त्या नावाचे हत्यार मात्र आता गावोगाव भंगारात निघाले आहे. विजेवर चालणारा रंधा आला, प्लायवुड आले, तयार दारे-खिडक्या आल्या. भंगाराच्या दुकानात बिडाचा जुना रंधा किलोच्या भावाने मिळतो आणि अलीकडे आपल्याकडचीही काही हौशी मंडळी असे रंधे हुडकून पुन्हा कामाजोगे करतात. घेताना पारखायच्या गोष्टी थोड्या आहेत. तोंडाशी बिडाला तडा नसावा, पाते झिजून आखूड झालेले नसावे, स्क्रू जागच्या जागी असावेत. गंज निघतो, तडा जात नाही.

काळ ठरवण्याचे शास्त्र याहून रंजक आहे. लिओनार्ड बेली या अमेरिकन कारागिराचे रंध्याचे पेटंट 1869 मध्ये स्टॅन्ली कंपनीकडे गेले, आणि आज जगभर दिसणारा बिडाचा रंधा बहुतांशी त्याच घडणीचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या स्टॅन्ली रंध्यांवर पात्याच्या बैठकीमागे पेटंटच्या तारखा ओतलेल्या आढळतात. 25 मार्च 1902, 19 ऑगस्ट 1902 आणि 19 एप्रिल 1910 या तिन्ही तारखा एकत्र दिसल्या, तर तो रंधा साधारण 1910 ते 1918 या काळातला धरतात. नवखा माणूस येथे हमखास फसतो. 1902 वाचून तो रंधा 1902 चा समजतो. वस्तुतः ती तारीख कल्पनेच्या नोंदणीची असते. ओतकाम त्यानंतर केव्हाचेही असू शकते. 'ज्ञानेश्वरी'च्या शेवटी शके 1212 असते, म्हणून हातातली पोथी शके 1212 ची ठरत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो ते याहून वेगळे काय आहे?

शिवाय रंधा एकसंध असेलच असे नाही. शंभर वर्षांच्या वापरात पाते झिजते, मूठ फुटते, आणि सुतार दुसऱ्या रंध्याचा भाग आणून बसवतो. अंग एका दशकाचे, पाते दुसऱ्या, मूठ तिसऱ्या, अशी ती मिश्र प्रत होते. एकाच खुणेवरून तिचा काळ सांगू नये. सगळ्या खुणांची साक्ष काढावी. संग्राहक अशा रंध्याला नाक मुरडतात. मला मात्र तो अधिक बोलका वाटतो, कारण प्रत्येक बदललेला भाग म्हणजे तो रंधा टाकून न देण्याचा कोणीतरी घेतलेला निर्णय असतो.

आता दुरुस्तीचा प्रश्न. गंज काढावा, तळ सपाट करावा, पात्याला धार लावावी, लाकडी मुठीला जवसाचे तेल द्यावे, याबद्दल मतभेद नाही. परंतु पुष्कळ जण तेथे थांबत नाहीत. ते पॉलिशच्या चाकावर रंधा आरशासारखा करतात. त्यात छाप पुसट होतो, मुठीवर तळव्याने पाडलेला खळगा घासून जातो, पेटीत इतरांची हत्यारे मिसळू नयेत म्हणून सुताराने पोगराने उठवलेली खूण नाहीशी होते. वस्तू नवी दिसते आणि तिची साक्ष संपते. एकनाथांनी शके 1506 मध्ये 'ज्ञानेश्वरी'ची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्या उपकाराखाली आपण सारे आहोत. तरीही त्यापूर्वीचे पाठ कसे होते, हा प्रश्न मागे राहिलाच. वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये एक प्रत एकनाथपूर्व म्हणून प्रसिद्ध केली आणि तिच्यावर वाद झाला, तो याच प्रश्नापोटी. म्हणून दुरुस्तीचा नियम दोन्हीकडे एकच असावा: दोष काढावा, वापराची खूण राखावी, आणि आपण काय बदलले त्याची नोंद ठेवावी.

येथवर मी तारीख असलेल्या रंध्यांबद्दल बोललो. खरा पेच यापुढे आहे. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या वाढयाचा रंधा बव्हंशी लाकडी असे. टणक लाकडाचा ठोकळा, लाकडाचीच पाचर, आणि पाते कधी विलायती, तर कधी गावच्या लोहाराने जुन्या कानसीतून घडवलेले. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या 'गाव-गाडा'त बलुतेदारीचे जे जग दिसते, त्यातले हे हत्यार. तिफण, वखर, बैलगाडी, दाराची चौकट ही सगळी कामे त्यावर झाली. त्यावर ना पेटंट, ना कंपनीचे नाव. संग्राहकाच्या लेखी त्याला काळ नाही, म्हणून किंमत नाही. भंगारवाल्याच्या लेखी त्यात लोखंड नाही, म्हणून वजन नाही. बिडाचा रंधा निदान दुकानापर्यंत पोहोचतो, लाकडी रंधा चुलीत जातो.

ज्याच्यावर तारीख आहे त्यालाच इतिहास आहे, ही समजूत येथे उघडी पडते. साहित्याच्या माणसांना तरी ती नवी नसावी. जात्यावरच्या ओव्यांवर शक नसतो आणि कर्त्रीचे नाव नसते. म्हणून त्या कोणी इतिहासाबाहेर टाकल्या नाहीत. त्या गाणाऱ्या बाईला विचारून, ऐकून त्या जमवल्या गेल्या. लाकडी रंध्याचा काळही असाच विचारूनच कळेल. तो कोणी घडवला, पाते कोठून आले, कोणत्या लग्नाच्या मांडवाला किंवा कोणाच्या वाड्याला तो लागला, हे सांगणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरात ही हत्यारे अजून असतील. त्यांना प्रकल्पासाठी विषय हवाच असतो आणि दरवर्षी त्याच चार कादंबऱ्यांवर तेच लिहून येते. त्याऐवजी एखाद्याने आजोबांची पेटी उघडावी. रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट, गुण्या, खतावणी यांपैकी काय उरले ते पाहावे. त्यांच्या भागांना घरात जे शब्द आहेत ते त्याच उच्चारात लिहून घ्यावेत. परीक्षक या कामाला साहित्य म्हणतील का, अशी शंका कोणी काढील. शब्दांचा काळ आणि मूळ शोधणे हे मराठी विभागाचे काम नसेल, तर ते दुसऱ्या कोणत्या विभागाचे आहे, हे त्या शंकाकाराने सांगावे.