बर्फ किती, याहून बर्फ कसा

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे कुरण पिवळे पडून होते. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चालणारी चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरची सर्वांत कडक थंडी, सरत आली तरी स्कीच्या उतारांवर वाळलेले गवतच दिसत होते. फेब्रुवारीच्या आरंभी ठरलेले खेलो इंडिया हिवाळी खेळ लांबणीवर पडले. महिना संपता संपता बर्फ आला, फेब्रुवारीत पुन्हा भरपूर आला आणि २१ तारखेला खेळ सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्ग परिसरात हिमस्खलन होऊन एक रशियन स्कीपटू मरण पावला. ज्या बर्फाची सारे गाव वाट पाहत होते, त्याच बर्फाची ही दुसरी बाजू.

कोरडा हंगाम आणि हिमस्खलन ही दोन परस्परविरोधी संकटे वाटतात, पण त्यांचे नाते जवळचे आहे. बर्फाचा थर पातळ असेल आणि रात्री निरभ्र, गोठवणाऱ्या असतील, तर जमिनीलगतची ऊब आणि पृष्ठभागावरची थंडी यांच्या ओढाताणीत थराच्या आतले कण बदलतात. ते जाड साखरेसारखे सुटे होतात, एकमेकांना धरत नाहीत. त्यावर एकाच झपाट्यात दोन-तीन फूट बर्फ साचला की वरचा जड पापुद्रा या सुट्या कणांवर तोलून राहतो आणि एका माणसाच्या वजनानेही निसटू शकतो. म्हणून ‘उद्या जोरदार हिमवर्षाव’ हा अंदाज हॉटेलवाल्याला सुवार्ता असतो आणि त्याच वेळी वरच्या उतारांसाठी इशाराही असतो.

आपल्याकडचा अंदाज यातले किती सांगतो? भूमध्य सागराकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हवामान खात्याला चार-पाच दिवस आधी दिसतात. ते केव्हा पोहोचतील हे बऱ्यापैकी कळते, किती बर्फ टाकतील हे शेवटच्या एक-दोन दिवसांत स्पष्ट होते. अडचण आहे ती ‘गुलमर्ग’ या एका शब्दात. गावाची उंची सुमारे २,६५० मीटर आणि गंडोला या रोपवेचा दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबाने दोन्हींच्या तापमानात आठेक अंशांचा फरक पडतो. खाली चिखल करणारा पाऊस आणि वर भुसभुशीत बर्फ, हे एकाच दुपारी घडू शकते. मिलिमीटरमधला पर्जन्याचा एक आकडा दोघांनाही पुरत नाही.

हिमस्खलनाच्या इशाऱ्यांचेही असेच. ते जिल्ह्याच्या नावाने आणि उंचीच्या एका रेषेने निघतात: अमुक जिल्ह्यात, इतक्या मीटरच्या वर, पुढचे चोवीस तास धोका. रस्ते आणि सैन्याच्या ठाण्यांसाठी ते मोलाचे आहेत. फेब्रुवारी २०१० मध्ये याच खिलनमर्गला लष्कराच्या प्रशिक्षण तुकडीतले १७ जवान हिमस्खलनात गेले, हे विसरता येत नाही. पण अख्ख्या बारामुल्ला जिल्ह्यासाठीचा इशारा स्की करणाऱ्याने कोणत्या उताराला लावायचा? वारंवार आलेला, कुठेच नेमका न बसणारा इशारा माणसे हळूहळू ऐकेनाशी होतात.

इथे स्थानिकांची बाजू नीट ऐकायला हवी. स्लेज ओढणारे, घोडेवाले, भाड्याने गमबूट आणि फिरन देणारे, स्की शिकवणारे तरुण या सगळ्यांची हिवाळ्याची कमाई दोन-अडीच महिन्यांत व्हायची असते. दिवाळीतच जानेवारीची सहल ठरवणारी पुण्या-मुंबईची कुटुंबे एका भीतिदायक बातमीने बेत रद्द करतात, आणि ज्या बालउतारावर ती मुलांना घेऊन जाणार होती तिथे धोका नसतोही. सरसकट इशाऱ्याची किंमत ज्यांनी कधी अफरवटवर पाऊल ठेवले नाही ती माणसे मोजतात. ही तक्रार लोभाची नाही, खरी आहे.

पण तिच्यावरचा उपाय इशारे सौम्य करणे हा नव्हे. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापतखुड भागात दोन पोलिश पर्यटक दगावले; तेव्हाही प्रश्न मुख्य उताराबाहेरच्या बर्फाचाच होता. उपाय आहे तो इशारा बारीक करण्याचा. स्वित्झर्लंडमधील दावोसची हिमसंशोधन संस्था हिवाळ्यात दिवसातून दोनदा, संध्याकाळी पाचला आणि सकाळी आठला, पत्रक काढते. त्यात पाच पायऱ्यांत धोका असतो; शिवाय तो कोणत्या उंचीवर, कोणत्या दिशेच्या उतारावर आणि कशामुळे, हेही असते. आपल्याकडे असे केल्यास खोट्या नेमकेपणाचा धोका आहे, हा आक्षेप मला वजनदार वाटतो: मोजमापाची केंद्रे विरळ असताना नकाशावर रंग भरणे सोपे आणि फसवे. म्हणूनच सुरुवात महागड्या संगणकापासून करू नये. गुलमर्गची स्की गस्त रोज उतारावर असते, बर्फात खड्डा खणून थर तपासायचे ज्ञान तिथे आहे. त्या नोंदींना माणसे, पगार आणि सकाळची ठरलेली वेळ द्यावी.

कोरड्या हंगामात यंत्राने बर्फ पाडावा का, हा वेगळा वाद. यंत्रालाही थंडी आणि पाणी लागते, आणि ऊबदार जानेवारीत नेमकी थंडीच नसते. २०२५ मध्येही गुलमर्गचे हिवाळी खेळ फेब्रुवारीतून मार्चवर गेले. त्यापेक्षा पहिल्यापासून लवचिक तारखा ठरवणे शहाणपणाचे.

गंडोलाचा वरचा टप्पा उघडायचा की नाही, हे मात्र तिकीट विकणाऱ्याने ठरवू नये. तो अधिकार गस्तीकडे असावा, निर्णय सकाळी फलकावर कारणासह लिहावा, आणि ज्यांचा दिवस त्यामुळे बुडाला त्यांना पैसे विनाकटकट परत मिळावेत. त्या फलकावर हिंदी आणि इंग्रजीइतकीच उर्दूही असावी, कारण तो वाचून कामावर जायचे की नाही हे ठरवणारी बरीच माणसे तिथलीच आहेत.