छातीवरचे अक्षर आणि शिवणारा हात

एप्रिल महिना लागला की धाराशिव, कळंब, उमरगा, परंडा, कुठल्याही तालुक्याच्या गावी जा; जयंतीच्या मिरवणुकीत निळ्या टी-शर्टांच्या रांगा दिसतात. छातीवर बाबासाहेबांचे चित्र, पाठीवर दोन ओळींचा संदेश. पूर्वी हे टी-शर्ट मंडळातर्फे एकगठ्ठा छापून यायचे. आता आपली मुले मोबाईलवर नक्षी पसंत करून घरपोच मागवतात. काही धडपड्या मुलांनी तर स्वतःचेच छोटे ब्रँड काढले आहेत. अंगावरच्या कपड्यातून समतेचा संदेश द्यायचा आणि त्यावरच चार पैसे कमवायचे, असा हा नवा धंदा आहे. शहरात त्याला स्ट्रीटवेअर म्हणतात.

धंदा नवा, तशी त्याची डोकेदुखीही नवी. माल विक्रीला लागतो न लागतो तोच मोबाईलवर दोन्हीकडून मारा सुरू होतो. बाहेरचे म्हणतात, “तुम्ही कपड्यावरसुद्धा जात आणता.” आपले म्हणतात, “महापुरुषांना बाजारात विकायला काढले.” पहिल्या आरोपाला उत्तर देण्याची आपल्याला सवय आहे. दुसरा आरोप घरातला आहे. म्हणून त्याचा विचारही घरात बसून, शांतपणे व्हायला हवा.

यासाठी मुंबईचे एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. सुधीर राजभर हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले कलावंत. महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि चामड्यावर पोट असलेल्या अनेक कारागिरांचे काम बसले. राजभर यांनी २०१७-१८ च्या सुमारास धारावीतील अशा कारागिरांना बरोबर घेतले, चामड्याऐवजी टाकाऊ रबराच्या पुनर्वापरातून तयार केलेले काळे पत्रे वापरले आणि पिशव्या शिवायला घेतल्या. ब्रँडला नाव दिले ‘चमार’. जो शब्द उत्तर भारतात शिवी म्हणून तोंडावर फेकला जातो, तोच त्यांनी मालाच्या माथ्यावर लावला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मायामी येथील प्रदर्शनात त्यांच्या रबरी खुर्च्या मांडल्या गेल्या. गायिका रिहाना हिने त्यातली खुर्ची घेतल्याच्या बातम्या आल्या आणि हे नाव जगभर गेले.

आता या नावाकडे कसे पाहावे? २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग खटल्यात सांगितले की, अपमान करण्याच्या हेतूने कुणाला ‘चमार’ म्हणणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतो. म्हणजे न्यायालयाने हेतू पाहिला. शब्द तोच, पण कोणाच्या तोंडून आणि कशासाठी, यावर त्याचा अर्थ ठरतो. अमेरिकेत काळ्या लोकांनी ‘ब्लॅक’ हा शब्द असाच अभिमानाने उचलला. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या काळ्या तरुणांनी ‘फुबू’ नावाचा कपड्यांचा ब्रँड काढला. त्या नावाचा अर्थच मुळी ‘आपल्यासाठी, आपणच केलेले’ असा आहे.

परंतु शब्द उचलला म्हणजे सगळे झाले, असे नाही. ज्याच्या घरातल्या आजीने तो शब्द शिवी म्हणूनच ऐकला, त्याला तो कुणाच्या तरी महागड्या पिशवीवर वाचताना टोचणार. त्याने प्रश्न विचारला तर त्याला वेड्यात काढता येणार नाही. राजभर स्वतः चर्मकार समाजाचे नाहीत, तेव्हा ‘हे नाव वापरायला कोणाला विचारले?’ ही विचारणा रास्तच आहे. नाव समाजाचे असेल तर त्याचा हिशेबही समाजाला दिला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कपड्याला अर्थ असतो, हे आपल्याला कोणत्याही ब्रँडने शिकवावे लागले नाही. मेलेल्याच्या अंगावरचे कापड आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला आले, ती धर्मशास्त्राची आज्ञा होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी माता-भगिनींना सांगितले की, जातीची खूण सांगणारे लुगडे नेसणे आणि गळ्या-हातातले जड दागिने टाकून द्या, स्वच्छ नीटनेटके राहा. बायांनी ते लगेच मनावर घेतले. स्वतः बाबासाहेबांचा सूट हा तर चालता-बोलता जाहीरनामाच होता. म्हणून ‘कपड्यात काय एवढे?’ असे म्हणणारा आपला इतिहास विसरला, एवढेच म्हणू.

पण ती अर्धीच बाजू झाली. कापड अंगावर येण्याआधी ते कोणीतरी विणते, कोणीतरी शिवते. आपले तेर पाहा. प्राचीन काळी त्याचे नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिले आहे की, तगरहून कापड गाड्या भरून भडोच बंदराला जात असे आणि पुढे परदेशी. उत्खननात तेथे विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले. गावाचे नाव ग्रंथात राहिले, विणकराचे नाव मात्र कुठेच राहिले नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. वतन म्हणजे तरी काय? गावाचा सगळा राबता करायचा आणि मोबदल्यात भाकरतुकडा घ्यायचा. राबणाऱ्याला कामाचे मोल काय मिळते, हा प्रश्न आपल्या मातीत जुना आहे. तोच आज टी-शर्टलाही विचारायचा आहे.

हा प्रश्न नीट विचारला तर काय होते, याचा दाखला ताजा आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या बड्या कंपनीने मिलान शहरातील फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. मोबाईलवर टीकेची झोड उठली. ती नुसती शिवीगाळ नव्हती. लोकांनी दाखवून दिले की, २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे व कर्नाटकाचे चार जिल्हे येतात. आपला शेजारी सोलापूर त्यात आहे. कंपनीला प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य करावे लागले. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला आणि इथल्या कारागिरांकडून दोन हजार जोड करून घेण्याचे जाहीर झाले. एका जोडाची किंमत सुमारे आठशे युरो. त्यातले कारागिराच्या हाती किती पडतात, हे पुढे विचारतच राहावे लागेल. तरीही पुरावा हातात घेऊन केलेल्या टीकेने बड्या कंपनीला टेबलापाशी बसवले, ही गोष्ट लहान नाही.

याउलट वस्तीतल्या मुलाने पन्नास टी-शर्ट छापले तर आपण काय करतो? “एवढे महाग कसे? लुटतोस काय?” असे लिहून मोकळे होतो. छपाईचे गणित कोणी बघत नाही. चित्रात जितके रंग, तितक्या वेगळ्या जाळ्या कराव्या लागतात. जाळीचा खर्च पन्नास नगांना तेवढाच आणि पाच हजारांना तेवढाच. त्यामुळे लहान माणसाचा नग महागच पडतो. मोठा व्यापारी तेच चित्र उचलून निम्म्या भावात विकतो आणि त्याला मात्र कोणी जाब विचारत नाही.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, विकत घेण्याआधी आणि टीका करण्याआधी तीन गोष्टी विचारा. हे कोणी शिवले आणि त्याला मजुरी वेळेवर मिळते का? नफ्यातला काही वाटा ज्यांच्या नावावर धंदा चालतो त्यांच्याकडे परत येतो का? आणि नाव वा चित्र वापरताना त्याचा मान राखला आहे का? उत्तर मिळाले नाही तर खुशाल बोला, नावानिशी बोला, पण माहिती घेऊन बोला. तथागतांनी सम्यक वाणी सांगितली आणि सम्यक आजीविकाही सांगितली. पहिली टीका करणाऱ्यासाठी आहे, दुसरी विकणाऱ्यासाठी.

ब्रँड काढणाऱ्या मुला-मुलींनाही आमचे सांगणे आहे. टीका आली की ती पुसून टाकू नका. ज्या हातांनी शिवले त्यांची नावे आणि मजुरी टी-शर्टच्या चिठ्ठीवर छापा. जयंतीच्या सभेत वर्षाचा हिशेब वाचून दाखवा. ज्याचा हिशेब उघडा आहे, त्याला शिव्यांची भीती वाटण्याचे कारण नाही.

पाठीवर ‘समता’ छापायला एक जाळी पुरते. तो टी-शर्ट शिवणाऱ्या बाईला पूर्ण मजुरी द्यायला मात्र मन लागते. येत्या जयंतीला टी-शर्ट घेताना छातीवरचे अक्षर वाचाच, पण तो उलटा करून शिवणसुद्धा पाहा.