अकरावीचे हरवणारे वर्ष

दहावीचा निकाल लागला की ठाण्याच्या वर्तकनगरात, गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या इमारतींच्या जिन्याजिन्यांवर दोनच प्रश्न ऐकू येतात. किती टक्के पडले, हा पहिला. आणि कोणते कॉलेज मिळणार, हा दुसरा. महाविद्यालयाची तयारी म्हणजे भरघोस टक्केवारी आणि नामांकित महाविद्यालय, असे समीकरण घराघरांत पक्के झाले आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. २०२५ साली राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. ज्या परीक्षेत शेकडा चौऱ्याण्णव विद्यार्थी उत्तीर्ण होतात, ती परीक्षा विद्यार्थी महाविद्यालयास योग्य झाला की नाही हे सांगण्यास असमर्थ आहे. ते ठरते त्यानंतरच्या वर्षात. आणि नेमके तेच वर्ष, अकरावीचे, विद्यार्थ्याच्या हातून कोणाच्या लक्षातही न येता निसटून जाते.

मॅट्रिकची वाट बुजली

वर्तकनगरच्या मागल्या पिढीला हा प्रश्न पडला नव्हता, कारण तिच्यापुढील वाट वेगळी होती. जवळच पोखरण रस्त्यावर १९२५ साली स्थापन झालेली रेमंडची गिरणी होती. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत येथून हाकेच्या अंतरावर, वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. मुलगा मॅट्रिक झाला, टंकलेखनाची परीक्षा दिली आणि वडिलांनी कारखान्यात कोणाच्या कानावर घातले, की त्याच्या पोटापाण्याची सोय होत असे. विद्या प्रसारक मंडळाने १९६९ साली ठाण्यात महाविद्यालय सुरू केले, त्यापूर्वी पदवीसाठी बहुतेकांना लोकलने मुंबई गाठावी लागे. साहजिकच महाविद्यालयात जाणारा मुलगा हा चाळीत कौतुकाचा विषय असे; न जाणारा मात्र उघड्यावर पडत नसे.

आज ही स्थिती पालटली आहे. रेमंडचा ठाण्यातील कापड कारखाना २००९ साली बंद झाला आणि त्या परिसरात निवासी मनोरे उभे राहिले. वागळे इस्टेटमधील अनेक कारखान्यांच्या जागी कार्यालये आली. या कार्यालयांतून दहावी उत्तीर्ण मुलाला काम मिळते ते पहारेकऱ्याचे किंवा सामान पोचविण्याचे. म्हणजे जे शिक्षण पूर्वी ऐच्छिक होते, ते आता अपरिहार्य झाले आहे. म्हणूनच त्याची तयारी कशी होते, हा केवळ हुशार मुलांच्या पालकांचा प्रश्न उरलेला नाही.

ना शाळा, ना महाविद्यालय

कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात देशाच्या शिक्षणाचा विचार करताना दहावीनंतरच्या दोन वर्षांना मोठे स्थान दिले होते. या टप्प्यावरील निम्मे विद्यार्थी व्यवसायशिक्षणाकडे वळावेत आणि उरलेल्यांनी उच्च शिक्षणाची पक्की तयारी करावी, अशी ती कल्पना होती. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा १९७५ साली आणि पहिली बारावीची परीक्षा १९७६ साली झाली. परंतु व्यवसायशिक्षणाचा भाग दुबळाच राहिला आणि ही दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालय नावाच्या मधल्या ओसरीवर येऊन बसली. तेथे शाळेचा धाक नाही आणि महाविद्यालयाचे प्रौढत्वही नाही.

त्यातही अकरावीची अवस्था अधिक केविलवाणी आहे. तिची परीक्षा महाविद्यालय आपल्यापुरती घेते. तिचे गुण पुढे कोणी विचारीत नाही. २०२५ सालापासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश साऱ्या राज्याला लागू झाले. पण प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळाभर चालत राहतात. वर्ग स्थिरस्थावर होतो तोवर गणपती येतात, पाठोपाठ दिवाळी येते, आणि पहिले सत्र संपलेले असते. दहावीच्या श्रमांनंतर थोडी उसंत मिळाली तर बिघडले काय, असे घरचे लोकही म्हणतात.

बिघडते ते असे. वैद्यकीय प्रवेशाची नीट आणि अभियांत्रिकीची जेईई या दोन्ही परीक्षांत अकरावी व बारावी या दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतही सुमारे वीस टक्के भाग अकरावीचा असतो. त्याहून महत्त्वाचे असे की, बारावीचे भौतिकशास्त्र अकरावीच्या गतिशास्त्रावर, बारावीचे कलन अकरावीच्या त्रिकोणमितीवर आणि बारावीचे हिशेबशास्त्र अकरावीच्या जमाखर्चावर उभे असते. पाया भरताना विश्रांती घेतली तर पुढे भिंत चढविताना ती व्याजासह फेडावी लागते.

शिकवणीचा हिशेब

या पोकळीत खाजगी शिकवण्या शिरल्या, यात नवल नाही. बारावीच्या गुणांना प्रवेशात आता पात्रतेपुरतेच मोल उरले आहे. खुल्या वर्गातील विद्यार्थ्याला वैद्यकीयसाठी विज्ञान विषयांत पन्नास आणि राज्यातील अभियांत्रिकीसाठी पंचेचाळीस टक्के मिळाले की पुढील सारा निवाडा प्रवेश परीक्षा करते. अशा स्थितीत पालक महाविद्यालयाऐवजी शिकवणीवर विश्वास ठेवतात, त्याला मूर्खपणा म्हणता येणार नाही. कागदोपत्री नाव एका महाविद्यालयात आणि विद्यार्थी दिवसभर शिकवणीत, ही पद्धत त्यातूनच रूढ झाली. २०१८ साली शासनाने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. तथापि अंगठा उमटला म्हणजे विद्या उमटली असे होत नाही.

या व्यवहारात खरा तोटा कोणाचा होतो, हे पाहिले पाहिजे. लाखांच्या घरातील शुल्क भरू शकणाऱ्या घरातील मुलाला वर्गात शिक्षण मिळाले नाही, तरी शिकवणीत ते मिळते. वर्तकनगरातील रिक्षाचालकाच्या वा कंत्राटी कामगाराच्या मुलीला दुसरा आधार नसतो. वर्ग ओस पडला की शिक्षकाचा उत्साह मावळतो आणि वर्गात येऊन बसणाऱ्या मोजक्या मुलांच्या पदरी काहीच पडत नाही. अकरावीचे वर्ष सर्वांचेच हरवते. परंतु ते पुन्हा विकत घेण्याची ऐपत थोड्यांनाच असते.

शब्दांचा अडसर

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडचण उभी असते. त्याला त्वरण म्हणजे काय हे ठाऊक असते, पण ‘ॲक्सिलरेशन’ ऐकताच तो गोंधळतो. संवेग, अपवर्तन, रेणू, पेशी या साऱ्या कल्पना त्याच्या ओळखीच्या असतात. नवे पाहुणे म्हणून समोर येतात ते त्यांचे इंग्रजी शब्द. पहिल्या चाचणीत गुण घसरले की आपल्याला विज्ञान जमत नाही, असा निष्कर्ष तो काढतो. वास्तविक त्याला शब्द जमलेले नसतात. शब्द शिकण्यास वर्ष लागत नाही, काही आठवडे पुरतात.

ते आठवडे हाताशी असतात. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि महाविद्यालय सुरू होण्यास तीन महिन्यांहून अधिक अवधी राहतो. या सुटीत विद्यार्थ्याने दहावीचीच विज्ञान व गणिताची पुस्तके इंग्रजी माध्यमाची मिळवून पुन्हा वाचावीत आणि एका वहीत मराठी व इंग्रजी संज्ञा समोरासमोर लिहाव्यात. आशय माहीत असल्यामुळे लक्ष भाषेवर केंद्रित होते. नीट आणि जेईई मुख्य परीक्षा आज मराठीतूनही देता येतात, हे त्याला सांगितले पाहिजे. परंतु राज्याच्या सामाईक परीक्षेतील गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते, हेही लपवू नये.

दारे बंद करणारी निवड

महाविद्यालयाच्या नावाची चर्चा महिनाभर चालते; विषयांची निवड अर्ज भरताना पाच मिनिटांत उरकली जाते. हा क्रम उलटा व्हावयास हवा. विज्ञान शाखेत गणित सोडले की अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्र यांची दारे लागतात. वाणिज्य शाखेत गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेणे सोपे वाटते. पण सनदी लेखापालाच्या फाउंडेशन परीक्षेत गणित व संख्याशास्त्र चुकत नाही. ज्याला ते टाळावयाचे होते, त्याला ते दोन वर्षांनी अधिक कठीण रूपात भेटते.

कला शाखा ही नापास होता होता वाचलेल्यांची, हा समजही आता टाकून द्यावयास हवा. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमास बारावीची कोणतीही शाखा चालते. स्पर्धा परीक्षांत इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हेच विषय पुन्हा समोर येतात. ज्याचा हात यंत्रावर चालतो त्याने बारावीच्या मागे लागलेच पाहिजे असेही नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, आणि वागळे इस्टेटमध्ये शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. शेजाऱ्याच्या मुलाने विज्ञान घेतले, एवढ्या कारणावरून विज्ञान घेणारा विद्यार्थी दोन वर्षे दुसऱ्याच्या पायांनी चालत असतो.

प्रवेशाचा अर्जही समजून भरावा. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथेच प्रवेश घ्यावा लागतो. तो नाकारला तर पुढील नियमित फेऱ्यांतून नाव वगळले जाते. म्हणून पहिल्या ओळीत प्रतिष्ठेचे नाव लिहिण्यापूर्वी तेथे हवे ते विषय आहेत काय, प्रयोगशाळा चालते काय, आणि रोज जाण्यायेण्यात किती तास जातील, याची चौकशी करावी. रोज तीन तास गर्दीत उभ्याने काढणाऱ्या मुलापाशी संध्याकाळी अभ्यासास त्राण उरत नाही.

कागदपत्रांचा फेरा

बुद्धी आणि श्रम दोन्ही असूनही कागदापायी प्रवेश हुकल्याची उदाहरणे दर वर्षी घडतात. मागासवर्गीय विद्यार्थ्याला व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जात प्रमाणपत्राबरोबर पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले गावाहून आणावे लागतात. वर्तकनगरातील अनेक कुटुंबांची गावे कोकणात वा घाटावर असल्याने या कामी महिने जातात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेयर यांची गोष्टही तीच. २०२४ साली राज्य शासनाने आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक व सामाजिकदृष्ट्या मागास घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ केले. ही सवलत मुलीच्या पदरात पडावयाची तर दाखले हाताशी हवेत. या कामाची योग्य वेळ अकरावी हीच होय. बारावीच्या निकालानंतरची धावपळ ही वेळ नव्हे.

कोणी काय करावे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले आणि २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांतही त्यानुसार पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. मुख्य विषय, गौण विषय, श्रेयांक, तीन वा चार वर्षांची पदवी, अशा अनेक निवडी आता विद्यार्थ्यालाच कराव्या लागतात. कोणी सांगावे आणि आपण पाठ करावे, या सवयीवर वाढलेला विद्यार्थी तेथे भांबावतो. स्वतः पुस्तक उघडून न समजलेल्या जागी खूण करणे, ती शंका दुसऱ्या दिवशी वर्गात विचारणे, प्रयोगशाळेत ब्युरेट स्वतःच्या हाताने धरणे, आठवड्याच्या शेवटी आपली टिपणे पुन्हा लिहून काढणे, या साध्या सवयी लागण्याचे वर्ष अकरावीचेच. त्या वर्षी बोर्डाच्या परीक्षेचे दडपण नसते, म्हणूनच चुका करीत शिकण्याची मोकळीक असते.

तथापि सारा भार विद्यार्थ्याच्या शिरावर टाकणे न्यायाचे होणार नाही. कनिष्ठ महाविद्यालयांनी पहिले पंधरा दिवस तरी संज्ञांची व दहावीच्या गणिताची उजळणी घ्यावी. माध्यमिक शाळांनी निकालानंतर आपल्या मुलांशी नाते तोडू नये. विषयनिवडीबाबत वर्गशिक्षकाइतका जाणता सल्लागार बहुतेक घरांना दुसरा मिळत नाही. जुन्या इमारतींच्या लहान खोल्यांतून आणि पुनर्विकासाच्या काळात भाड्याच्या घरांतून अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी रात्री उघड्या राहणाऱ्या अभ्यासिका महानगरपालिकेने आणि स्थानिक मंडळांनी चालवाव्यात. गणेशोत्सवाच्या मांडवाला जी वर्गणी जमते, तिच्या थोड्या अंशात ते काम होण्यासारखे आहे.

टक्केवारीचे पेढे वाटून झाल्यावर सुरू होणाऱ्या या वर्षाकडे कोणाचे लक्ष नसते, कारण त्याचा निकाल वर्तमानपत्रात येत नाही. त्याचा निकाल लागतो तो दोन वर्षांनी, प्रवेशाच्या यादीत किंवा पदवीच्या पहिल्या सत्रात. आणि तेव्हा दुरुस्तीला अवकाश उरलेला नसतो. कामावरून परतलेल्या वडिलांनी मुलीच्या वहीवर नजर टाकून आज वर्गात काय समजले आणि काय समजले नाही, एवढे जरी रोज विचारले, तरी अकरावीचे वर्ष हरवणार नाही. त्यासाठी वडिलांना भौतिकशास्त्र येण्याची गरज नाही.