कॅटलॉग मिटा, राइस मिलमध्ये डोकावा

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडयांचे दिवस सुरू होतात. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली, लाखांदूर, पवनीकडच्या गावांत रात्रभर नाटके रंगतात आणि बिछायत केंद्रांचा माल गावोगाव फिरू लागतो. धान कापलेल्या बांधीत अंथरलेली सतरंजी सकाळी उचलताना रात्रीपेक्षा जड लागते, हे माल वाहणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. मंडया सरल्या की लग्नसराई. मे-जूनमध्ये हा सगळा माल गोदामात परत येतो आणि मग मालकाला आठवते, की आता तो स्वच्छ करायचा आहे.

ही स्वच्छता बहुतेक ठिकाणी पाण्याने सुरू होते, आणि पैसा तिथेच वाया जातो. सतरंजी असो, लोकरी गालिचा असो की मंडपातले पॉलिप्रॉपिलीनचे मॅट, त्यातला बहुतांश मळ कोरडा असतो. व्यवसायाच्या प्रशिक्षणात हे प्रमाण साधारण तीन-चतुर्थांश सांगितले जाते. त्यावर थेट पाणी मारले की धुळीचा चिखल होतो. तो धाग्यांच्या मुळाशी बसतो आणि वाळताना ओलाव्याबरोबर पुन्हा वर चढतो. दोन दिवसांनी गालिच्यावर तपकिरी झाक दिसते आणि कारागीर साबणाला दोष देतो. तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीज खाणींच्या पट्ट्यातून येणाऱ्या मालाचे तर विचारूच नका. ती काळी भुकटी कोरडी असताना झटकली तर निघते, ओली झाली की पांढऱ्या सुतावर काजळासारखी पसरते.

तेव्हा आधी धूळ, मग पाणी. हे कुणी अमान्य करत नाही. अडते ते पुढे, धूळ काढायची कशाने?

दोरीवर टाकून काठीने बडवणे ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. जाड सुती सतरंजीला ती अजूनही चालते. पण एका गोदामात दोनशे नग असतील तर दोन माणसांचे खांदे किती दिवस टिकतील? शिवाय दोरीवर सगळा भार एका ओळीत येतो. जुन्या हातविणीच्या गालिच्याचा ताणा आतून कुजलेला असेल, तर नेमका तिथेच तो फाटतो. लॅटेक्सने चिकटवलेल्या टफ्टेड गालिच्याला तर काठी लावूच नये. मागचा रबर भुगा होऊन गळतो आणि ग्राहक नव्या गालिच्याचे पैसे मागतो.

मग कारागीर मोबाइलवर परदेशी यंत्रे पाहतो. मोठा फिरता पिंजरा, ज्यात गालिचा कपड्यासारखा घुसळला जातो. पाठीवरून फिरवायचे कंपनयंत्र, ज्याचे पट्टे मिनिटाला हजारो वेळा आपटतात. यंत्रे उत्तम, यात वाद नाही. पण वाहतूक आणि आयात शुल्क धरून किंमत लाखांच्या घरात जाते आणि बेअरिंग गेले तर सुटा भाग समुद्रापलीकडून यायचा. तालुक्याच्या गावातल्या बिछायत केंद्राला किंवा लाँड्रीला हा हिशेब बसत नाही, आणि बसवायचा अट्टहासही करू नये.

कारण धूळ काढण्याची विद्या या जिल्ह्याला परकी नाही. भंडारा आणि शेजारचा गोंदिया हा राइस मिलचा मुलूख. धानातली माती, खडा, कचरा वेगळा काढणे हे मिलमधले पहिलेच काम. हलती चाळणी, तिला हलवणारा एक्सेंट्रिक शाफ्ट, धूळ ओढणारा ब्लोअर, धूळ खाली पाडणारे सायक्लोन आणि शेवटी बारीक कण अडवणारी कापडी पिशवी, हे सगळे तिथे रोज फिरत असते. गालिच्यासाठी वेगळे काय लागते? जवळजवळ काहीच नाही. मिल जुनी यंत्रे बदलते तेव्हा ब्लोअर आणि मोटार भंगाराच्या भावात निघते, आणि ती दुरुस्त करणारा फॅब्रिकेटर तुमसरात, भंडाऱ्यात सायकलच्या अंतरावर असतो.

सुरुवात जाळीपासून करावी. अँगलची सहा फूट बाय नऊ फुटांची चौकट, कमरेइतकी उंच, तिच्यावर दोन-अडीच इंची खणांची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश. जाळीची कापलेली टोके खाली वळवून घासून घ्यावीत, नाहीतर एक तार अख्खी वीण ओढून काढते. गालिचा तोंड खाली करून जाळीवर पसरायचा. आता पाठीवरून जे काही कराल, त्याने धूळ ज्या वाटेने शिरली त्याच वाटेने खाली पडते. पाठीवर फिरत्या ब्रशचा व्हॅक्यूम फिरवला तरी पुरे. त्यातला ब्रश इथे ओढण्यासाठी नाही, हलवण्यासाठी वापरायचा. धूळ जमिनीवर पडते, पिशवीत नाही. सावकाश फिरवा. घाईने दहा वेळा फिरवण्यापेक्षा दोन संथ फेऱ्यांनी जास्त माती पडते. खाली पांढरी ताडपत्री अंथरली तर काम केव्हा थांबवायचे तेही दिसते: ताडपत्रीवर नवीन रांगोळी उमटेनाशी झाली की बस्स.

पुढची पायरी म्हणजे याच चौकटीला रबरी बुशवर बसवून मिलच्या चाळणीसारखा एक्सेंट्रिक जोडणे. एक-दोन हॉर्सपॉवरची मोटार पुरते, म्हणजे साधारण पाऊण ते दीड किलोवॅट, आणि सिंगल फेजवर काम भागते. वेग कमी-जास्त करायला व्हीएफडी लावावा. धानाला जो वेग चालतो तो लोकरीच्या जुन्या गाठींना चालेलच असे नाही.

हवेचा मारा हाही स्वस्त उपाय आहे. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर आणि शिट्टीसारखी गन. पण त्या टाकीत पाणी साठते आणि पिस्टनमधून तेलाचा अंश येतो. रोज सकाळी खालचा कॉक उघडून पाणी काढले नाही आणि मध्ये फिल्टर लावला नाही, तर धुळीऐवजी तेलाचे थेंब गालिच्यावर उडतील. गन आधी पांढऱ्या फडक्यावर धरून पाहायला अर्धे मिनिट लागते.

हवा फुंकावी की ओढावी हा वाद जुना आहे. लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने १९०१ साली धूळ फुंकून उडवणारे यंत्र पाहिले आणि उडालेली धूळ पुन्हा तिथेच बसते हे त्याच्या लक्षात आले. त्याने उलट केले, हवा ओढली. त्याचे यंत्र घरात मावणारे नव्हते. घोडागाडीवर रस्त्यात उभे राहायचे आणि त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून आत जायच्या. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीचे गालिचे त्यानेच साफ केले. यातली खरी शिकवण यंत्राची नाही, व्यवहाराची आहे. त्या काळात यंत्र विकत घेणे बहुतेकांना परवडत नव्हते, म्हणून ते ग्राहकाच्या दारी जायचे.

हा व्यवहार आपल्याकडे का होऊ नये? लाखनी, साकोली, लाखांदूर अशा तीन-चार गावांतल्या बिछायतवाल्यांनी मिळून एकच हलती जाळी आणि ब्लोअर बनवून घ्यावा, ‘छोटा हत्ती’ टेम्पोवर टाकावा आणि ज्याचा माल परतला त्याच्या गोदामात तो आठवडाभर ठेवावा. वर्षातले आठ महिने प्रत्येकाचे यंत्र कोपऱ्यात गंजत पडण्यापेक्षा हे बरे. व्यवसायात चढाओढ आहे हे मान्य, पण ती मंडपाच्या दरात असू द्या, मातीत नको.

पैशाची सोयही अगदीच नाही असे नाही. परीट बांधवांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेच्या अठरा व्यवसायांत धोबीकाम येते. प्रशिक्षणाच्या सुरुवातीला साधनांसाठी पंधरा हजारांपर्यंतचे साहाय्य आणि प्रशिक्षणानंतर पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. बिछायत केंद्र किंवा लाँड्री मोठी करायची असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपी या अनुदान योजनेची चौकशी करावी. त्यात सेवा उद्योगाचा प्रकल्प वीस लाखांपर्यंत बसतो आणि ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला पंचवीस टक्के, विशेष गटाला पस्तीस टक्के अनुदान आहे. जाण्याआधी अर्ज चालू आहेत का, एवढे विचारून घ्यावे. अर्जासोबत फॅब्रिकेटरचे कोटेशन लागते. ते साध्या कागदावर न आणता जीएसटी क्रमांकासह आणावे, म्हणजे बँकेच्या फेऱ्या वाचतील.

 

एक गोष्ट मात्र पुढे ढकलता येणार नाही. गालिच्यातून निघणारी धूळ म्हणजे बरीचशी वाळू. तिचे बारीक कण फुप्फुसात जातात ते परत येत नाहीत. तोंडाला बांधलेला दुपट्टा ते अडवत नाही. एन-९५ मास्क, धूळ ओढणारा ब्लोअर माणसाच्या बाजूला नव्हे तर समोरच्या बाजूला, पट्ट्यावर जाळीचे आवरण आणि मोटारीला अर्थिंग, हे कोटेशनमध्येच लिहून घ्यावे. नंतर बसवू म्हटले की ते कधीच बसत नाही, हे मिलमध्ये काम केलेला कुणीही सांगेल.

आणि ग्राहकाला दर कसा पटवायचा? गालिचा आला की काट्यावर ठेवा, झटकून झाल्यावर पुन्हा ठेवा. दोन्ही वजने पावतीवर लिहा. जमलेली माती पारदर्शक पिशवीत भरून गालिच्याबरोबर परत द्या. घासाघीस करणारा ग्राहक त्या पिशवीकडे पाहून गप्प होतो, आणि कोरड्या सफाईचे वेगळे पैसे लावायला संकोच वाटत नाही.

हे सगळे करायचे तर आत्ताच. धान निघाला की मिलच्या कामांमुळे फॅब्रिकेटरला मान वर करायला फुरसत नसते. श्रावणात तो मोकळा असतो आणि भावातही नरमतो. चौकटीचे माप घेऊन या पावसाळ्यात त्याच्याकडे जा, आणि यंत्र बनवून घेतलेत तर त्याचा फोटो, खर्च आणि अडचणी या मासिकाला कळवा. पुढच्या अंकांत त्या नावानिशी छापल्या जातील.