जोडणीचे ज्ञान घराघरात हवे

मार्च २०२० मध्ये आपल्या बेटावरील शाळा बंद झाल्या. जोडणी तुटली की मुलाचा पाठ बुडतो, हे तेव्हा पालकांनी प्रत्यक्ष पाहिले. तरीही आज इंटरनेट बंद पडले की आपण तंत्रज्ञाची वाट पाहत बसतो. ही परावलंबी सवय आता सोडली पाहिजे, असे आम्हां शिक्षकांना वाटते.

लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि जुन्या संगणकावरही बसवता येते. बहुतेक लिनक्स संगणकांवर जोडणीचा कारभार ‘नेटवर्क मॅनेजर’ हा प्रोग्राम पाहतो. रेड हॅट कंपनीने तो २००४ मध्ये सुरू केला. त्याची रीत सोपी आहे. वायफायचे कार्ड हे ‘उपकरण’. त्यावर कोणता पत्ता, कोणता गेटवे आणि कोणता डीएनएस वापरायचा याची जतन केलेली नोंद म्हणजे ‘जोडणी’. एका उपकरणासाठी अनेक नोंदी ठेवता येतात. घरी पत्ता राउटरकडून आपोआप मिळतो. शाळेत ठरलेला पत्ता हाताने भरायचा असेल, तर त्याची नोंद वेगळी करावी.

‘मुले काहीतरी बिघडवतील,’ असे काही पालक म्हणतील. त्यांना आमचे सांगणे आहे की जुनी नोंद बदलू नये, नवी करावी. नवी चुकली तर जुनी पुन्हा चालू करता येते. मात्र बदल जतन केल्यावर ती जोडणी एकदा बंद करून परत चालू करावी, तेव्हाच तो बदल लागू होतो.

दोष कुठे आहे हे ओळखणेही शिकवावे. पिंग या आज्ञेने प्रथम राउटरला हाक द्यावी. उत्तर नसेल तर दोष बहुधा घरातच आहे. राउटर उत्तर देतो, पण बाहेरचा ८.८.८.८ हा पत्ता देत नाही, तर कंपनीला फोन करावा. दोन्ही उत्तरे येतात, पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर डीएनएस तपासावा. कारण नावावरून पत्ता शोधून देणे हे त्याचेच काम.

एवढे शिकवायला शाळेचा एक तास पुरे आहे. शाळांनी तो द्यावा आणि पालकांनी मुलांशेजारी बसून स्वतःही शिकावे, ही आमची नम्र विनंती.