येत्या ग्रामसभेला घरी बसू नका

गावकऱ्यांनो, मे 2021 आठवा. सकाळी सातलाच आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राबाहेर शहरातल्या गाड्या लागायच्या. 18 ते 44 वयाच्या लोकांची कोरोना लशीसाठीची नोंदणी फक्त मोबाइलवर. ज्याचं नेट चांगलं त्याला लस. वस्तीवरचे शेतमजूर आधारकार्ड हातात घेऊन कडुनिंबाखाली दुपारपर्यंत थांबले आणि तसेच परतले. जागेवर नोंदणीची मुभा आली 24 मेला. लस आपल्या गावात होती, पण आपल्या माणसांना मिळत नव्हती. हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

तेव्हा आशाताई एकच ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होत्या. एकाचं बोट निघालं की स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, आकडा वहीत लिहायचा, पुढचं घर. 88 दिसलं की 108 ला फोन. गाडी आधीच दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. पुढच्याच महिन्यात याच आशांना मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला, ही गोष्ट मला आजही सलते.

पुढची साथ महिन्याभरात आटोपेल असं धरून चालू नका. 1896 मध्ये मुंबईत आलेला प्लेग दोन दशकांहून जास्त काळ ठाण मांडून होता. इतकी लांबलेली साथ चार दिवसांच्या धावपळीनं निभत नाही. त्याला कायम पगारावरची, पुरेशी माणसं लागतात.

म्हणून 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला या. पुढच्या वर्षाचा विकास आराखडा याच सुमारास ठरतो. विचारा: उपकेंद्रातली नर्सबाईंची जागा भरलेली आहे का? ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजनचा प्लांट असेल, तर तो शेवटचा कधी चालवून पाहिला? चालवणारा शिकलेला माणूस आहे का? बंद पडलेला प्लांट ऐनवेळी सुरू होत नाही. आणि अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे, फोन नसलेले यांची यादी कुणाकडे आहे? ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात, त्यांची नावं त्याआधी यादीत यायला हवीत.

बायांनो, ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती झालीच पाहिजे असा आग्रह धरा. घरातल्या आजाऱ्याला रात्री कोण उठवून पाणी देतं, हे तिथंच बोललं जाईल.

तोंडी आश्वासनावर उठू नका. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, त्याची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या आणि पोच घेऊनच बाहेर पडा.